पहिला वास माझा

माझं नाक जागेवर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण "मला वास येत नाही" असं म्हटलं की समोरचा माणूस पहिल्यांदा माझ्या नाकाकडेच बघतो. नाक दिसलं की त्याचं समाधान होतं. "अवं, चांगलं तं दिसून रायलं!" म्हणतो. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, डोळे गेले तर काठी दिसते. वास गेलेल्या माणसाचं काहीच दिसत नाही, म्हणून त्याला काही झालंय असं कोणी मानत नाही. माझ्या तर घरातच मानत नव्हते.

ज्यांचा वास गेलाय आणि ज्यांना "सर्दी असंल, जाईल" म्हणून वाटेला लावलंय, त्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे. रडगाणं गायला नाही. रडून झालं माझं. नाक नुसतं गळलं, वास काही आला नाही.

गतिरोधक

गोंदियाच्या बाजारातून नागऱ्याला घरी येत होतो. मुलगा नरेश स्कूटी चालवत होता, मी मागे, मांडीवर भाजीची पिशवी. रस्त्यात कोणीतरी रातोरात नवा गतिरोधक करून ठेवला होता, त्यावर ना पांढरा पट्टा ना काही. स्कूटी उडाली, मी उडाले. वांगी रस्त्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. डोक्याची मागची बाजू आपटली. रक्त फार नव्हतं, पण नरेशचा चेहरा बघून मला वाटलं मी मेलेच असेन.

काही दिवस दवाखान्यात होते. सकाळी पोछा मारणारी बाई, मग डॉक्टरांचा राउंड, मग सलाईन, मग कागदी कपातला चहा. चहा नुसतं गरम पाणी लागायचा. उठायला गेले की वॉर्डातला माणूस ओरडायचा, "अम्मा, लेटे रहो ना!" अंगणवाडीत जन्म घालवलेली बाई मी, दुसऱ्यांना गप्प बसवायची सवय. पण लेटे राहिले.

भेटायला येणाऱ्या सगळ्यांना मी एकच कौतुक सांगत होते, "दवाखाना किती स्वच्छ आहे बघा, फिनाइलचा वाससुद्धा नाही." लोक एकमेकांकडे बघायचे. मला वाटायचं, त्यांनाही कौतुक वाटतंय.

घरी आल्यावर सून प्रीतीनं भात लावला. आमच्या घरात चिन्नोर, आमचा सुवासिक तांदूळ, शिजायला लागला की दारातला माणूस आत न विचारता जेवायलाच बसतो. मी स्वयंपाकघरात गेले तर काहीच नाही. आमच्या ह्यांना म्हटलं, "तांदूळ कुठून आणला? कोणी फसवलं तुमाले?"

हे म्हणाले, "कुठून आणीन? आपल्या शेताच्या बांधीतला हाय."

मी भांड्यात तोंड घातलं. वाफ गालाला लागली, डोळ्याला लागली. पण वास नव्हता. तेव्हा कुठे मला दवाखान्यातलं फिनाइल आठवलं.

मिरचीची धुरी

आमच्या सासूबाईंचं वय नव्वदीला टेकलंय, पण घरात सगळ्यात मोठा आवाज अजून त्यांचाच. त्यांनी निदान केलं, "नाक बंद झालं. उघडा लागते." निखाऱ्यावर लाल मिरची टाकली आणि माझ्या डोक्यावरून लुगडं पांघरलं.

देवा रे देवा. नाकात आग, डोळ्यांत आग, घसा सोलून निघाला. मी खोकत खोकत बाहेर पडले आणि सासूबाई आनंदानं ओरडल्या, "आलं! नाक आलं!" शेजारच्या बायाही आल्या. कोणी साखर वाटायची तेवढी बाकी होती.

मीसुद्धा फसले. अर्धा तास खूश होते. मग अगरबत्ती लावली आणि धुराकडे बघत बसले. नुसता धूर. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की झोंबणं वेगळं आणि वास वेगळा, दोघांच्या नसाच वेगळ्या. तुमच्याही घरी कोणी मिरची घेऊन आलं तर त्याला हे सांगा, आणि नाही ऐकलं तर पळा.

चाळणी

निदानाचा दिवस मला साडीच्या रंगासकट आठवतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि एकामागून एक बाटल्या नाकाखाली धरल्या. "सांगा काय आहे?"

"हवा."

"हे?"

"हवाच."

शेवटी त्यांनी बाटल्या बाजूला ठेवल्या. म्हणाले, वासाच्या नसा कवटीच्या तळाला बारीक भोकांमधून वर मेंदूत जातात, चाळणीतून शेवया जाव्यात तशा. डोकं मागून आपटलं की मेंदू पुढे सरकतो आणि त्या तुटतात. कधी परत वाढतात, कधी नाही वाढत. गोळी नाही, ऑपरेशन नाही. वाट बघायची.

"देवाचे आभार माना," ते म्हणाले, "डोक्याला मार लागूनही जीव वाचला."

"आभार मानते," मी म्हटलं, "पण तक्रार पण करते. दोन्ही चालतं ना?"

ते हसले. मी हसले नव्हते. पुस्तकांत लिहितात की अशा वेळी डोळ्यांपुढे अंधारी येते, पायाखालची जमीन सरकते. मला नुसता राग आला. गतिरोधकाचा, तो बांधणाऱ्याचा, डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या गुलाबाचासुद्धा. दुःख नंतर आलं, घरी, तूर सोलताना.

लायटर

काय काय जातं ते सांगते. जेवणातलं तिखट, मीठ, गोड, आंबट तेवढं उरतं. वरण आणि कढी यांच्यात फरक फक्त पातळपणाचा. पाऊस येऊन गेलेला डोळ्यांनी बघावा लागतो. आणि स्वतःचा वास कळत नाही, ही गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. मला सारखं वाटायचं की माझ्या अंगाला घाण येत असेल आणि लोक सांगत नसतील. दिवसातून तीनदा अंघोळ करायची मी. लग्नाला गेले तर भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात बसायची.

घरात एकट्या सासूबाईंना या दुखण्यात फायदा दिसला. "आता निवद तूच करत जा," त्या म्हणाल्या. "तुह्यासारखं सोवळं नाक अख्ख्या गावात नाई."

हे समजायला आमची रीत सांगावी लागेल. देवाचा नैवेद्य चाखायचा नाही, हे सगळीकडेच असतं. आमच्या घरी त्याचा वासही घ्यायचा नाही. देव कुठं घास मोडतो? तो वासच जेवतो. तो तुम्ही आधी घेतला तर देवाला उष्टं वाढलं. नवी नवरी होते तेव्हा सासूबाईंनी माझ्या नाकावरून पदर बांधला होता आणि बाजूला उभ्या राहिल्या होत्या. "पयला वास देवाचा. ध्यानात ठेव." फूल तोडायचं ते हात लांब करून. चंदन उगाळायचं ते मान फिरवून. काही वर्षांनी पदर सुटला, पण सवय राहिली. देवाच्या भांड्यावरचं झाकण उचललं की माझा श्वास आपोआप थांबतो. मला कळतसुद्धा नाही.

तर मी नैवेद्य करत होते, स्वयंपाकही करत होते, आणि चाललं होतं. मग ती दुपार आली.

दूध गॅसवर ठेवलं होतं. खिडकीतून वारा आला आणि ज्योत विझली. मी तिथंच, दोन हातांवर बसून पोपटीच्या शेंगा निवडत होते. प्रीती बाहेरून आली आणि दारातूनच किंचाळली, "आई, गॅस!" धावत जाऊन तिनं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून अंगणात ओढलं. मी विचारत होते, "का झालं? का झालं पण?"

नरेश आला. सगळं ऐकलं. आत गेला, लायटर उचलला आणि आपल्या खिशात टाकला.

"आजपासून तू स्वयंपाकघरात जायचं नाही."

"काऊन? मी का लहान पोरगी आहे?"

"मीच पाडलं तुले गाडीवरून," तो म्हणाला, "आता मीच जळू देऊ का?"

त्याचे डोळे भरून आले होते. मला कीव आली आणि रागही आला. तेवढ्यात त्यानं अट घातली. डॉक्टर म्हणाले की आईचं नाक परत येते, तर चूल आईची. नाही म्हणाले, तर विषय संपला.

त्या दिवसापासून मी माझ्याच घरात पाहुणी झाले. ताट समोर यायचं, उचललं जायचं. प्रीती गुणाची, मला काही म्हणायची नाही, उलट विचारायची, "मीठ बरोबर आहे ना आई?" ते विचारणंच मला टोचायचं. वास पाहिजे होता, हे खरं. पण त्याहून जास्त मला माझी चूल पाहिजे होती. आणि ती आता कोणा डॉक्टरच्या एका शब्दावर अडकली होती.

मशीन

आमच्या डॉक्टरांनीच नागपूरचं सुचवलं. तिथं वासावर अभ्यास चालला होता. माणूस वास घेतो तेव्हा त्याच्या मेंदूत कुठं काय होतं, ते मशीनवर चित्रात दिसतं. वास गेलेली माणसं त्यांना हवी होती. मी म्हटलं, चला, शेवटी माझ्या नाकाची कोणाला तरी गरज लागली.

अभ्यास करणाऱ्या मृण्मयी मॅडम माझ्या प्रीतीपेक्षाही लहान दिसत होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "काकू, हा उपचार नाही. यातून तुम्हाला फायदा होईलच असं नाही. वास गेल्यावर मेंदूत काय उरतं ते आम्ही बघतोय." मला आवडलं. गोड बोलून फसवणारे खूप भेटतात.

आत लोखंड, सोनं, काही चालत नाही. पिना काढल्या, बांगड्या काढल्या. जोडवी निघेनात, साबण लावून ओढली. मंगळसूत्र काढून आमच्या ह्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी ते शर्टाच्या खिशात घातलं आणि बाहेर येईपर्यंत खिशावरचा हात काढला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या माणसाचं माझ्यावर प्रेम आहे हे मला त्या बाकड्यावर नीट दिसलं.

बाहेर सराव करून घेतला. छातीला पट्टा, श्वास मोजायला. नाकाशी नळी. रिकाम्या नळीवर मी इतकी जोरात हुंगले की मॅडम म्हणाल्या, "वा काकू, एकदम मस्त." आत गेल्यावर डोळ्यांसमोर चित्र येईल, त्याच वस्तूचा वास नळीतून सुटेल. चित्र दिसलं की हुंगायचं. वास आला तर हातातलं बटण दाबायचं.

आणि मग मला त्या बोगद्यात सरकवलं. डोकं गच्च बसवलेलं, हलायची सोय नाही. आवाज असा की जणू राइस मिलच्या पट्ट्याखाली निजले आहे. पहिली दोन मिनिटं मी घाबरले. वाटलं, तिरडीवर असंच बांधत असतील. मग माझा राग माझ्या मदतीला आला. म्हटलं, एवढी गोंदियाच्या मिलांच्या गावची बाई तू, आवाजाला भितेस? कर काय करायचं ते.

चित्रं येऊ लागली. गुलाब. लवंग. चंदनाचं खोड. लिंबू. लसूण. परत गुलाब. उलटसुलट, पुन्हा पुन्हा. मी डोळे फाडून बघत होते. बटणावर अंगठा तयार होता. एकदाही दाबायची वेळ आली नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, "दिसलं का काही?"

"सगळं नीट तपासायला वेळ लागतो काकू," मॅडम म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, तेव्हा हळूच म्हणाल्या, "पहिल्या नजरेत तरी फारसं नाही."

नरेश माझ्या मागेच उभा होता. त्यानं त्यातलं "नाही" तेवढं ऐकलं.

परतीच्या गाडीत तो म्हणाला, "झालं ना आई? आता टेन्शन नको घेऊ. आराम कर." इतक्या मायेनं म्हणाला की मला त्याला खिडकीतून बाहेर टाकावंसं वाटलं. तुमसर स्टेशन येईपर्यंत मी बोलले नाही. एवढा वेळ गप्प मी शाळेतही बसले नव्हते.

फक्त लसूण

काही दिवसांनी मृण्मयी मॅडमचा फोन आला. मी अंगणात सासूबाईंच्या पायाला तेल लावत होते. हात तेलकट, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"काकू, एक विचारायचं होतं. तुमच्या छातीच्या पट्ट्याचा आलेख मी आज नीट बघितला. लसणाचं चित्र आलं की तुम्ही छान खोल हुंगलंय. प्रत्येक वेळी. पण बाकी चारांना तुमचा श्वासच थांबलाय. गुलाब आला, थांबला. लवंग आली, थांबला. आत भीती वाटत होती का?"

"नाही बाप्पा. मी तर हुंगत होते!"

"नाही काकू. फक्त लसूण."

मला काही समजेना. मी खोटं बोलत नव्हते. माझ्या हिशेबानं मी हुंगत होते.

"का म्हणून रायली ते बाई?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडून सांगितलं. गुलाबाला नाही हुंगलं, लवंगेला नाही, चंदनाला नाही, लिंबाला नाही. लसणाला हुंगलं.

सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "बरोबर तं हाय. लसून देवाले कुठं चालते?"

मी तेलाचा हात तसाच धरून बसले. गुलाब, लवंग, चंदन, लिंबू. त्या पोरीनं न कळता माझ्यासमोर पूजेचं ताट मांडलं होतं! आणि माझ्या छातीनं तिचं काम केलं होतं. लग्न झाल्यापासून करत आली होती तेच.

फोनवर मॅडम विचारत होत्या, "काय म्हणाल्या आजी?" मी सगळी रीत सांगितली, नाकावर बांधलेल्या पदरापासून. मग त्या हसायला लागल्या, मीही हसायला लागले, इतकी की कुत्रं भुंकायला लागलं. सासूबाई मात्र ताठ बसल्या होत्या. "शिकवलं कोनी?" म्हणाल्या. "मी."

"काकू, म्हणजे तुमची चाचणी झालीच नाही," मॅडम म्हणाल्या. "परत याल?"

"लसणाचं काय दिसलं?" मी विचारलं.

"थोडंसं काहीतरी आहे. पण एवढ्यावरून काही म्हणता येत नाही."

थोडंसं काहीतरी. मी ते दोन शब्द पदराला गाठ मारल्यासारखे घेऊन बसले. नरेशला म्हटलं, "गाडीचं तिकीट काढ. आणि आता मधे बोलायचं नाही."

आज तू थांब

श्वास घ्यायला शिकावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्या अंगणातल्या गुलाबाजवळ उभी राहायची आणि हुंगायचा प्रयत्न करायची. छाती दगडासारखी व्हायची. सासूबाई ओट्यावरून बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. एकदा म्हणाल्या, "देवाच्या झाडाचं फूल हाय ते."

"झाड मी लावलंय," मी म्हटलं.

त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मलाही वाईट वाटलं. त्यांची रीत खोटी होती असं मी म्हणत नाही. त्यांना जे चांगलं वाटलं ते त्यांनी मला शिकवलं, मनापासून. पण नाक माझं मोडलं होतं, देवाचं नाही.

दुसऱ्यांदा बोगद्यात शिरले. परत मिलचा आवाज. पहिलंच चित्र गुलाबाचं. छाती थांबली, आणि या वेळी थांबलेली मला कळली. मी मनात म्हटलं, महादेवा, एवढी वर्षं तुला पहिला दिला. कधी हिशेब मागितला नाही. आज तू थांब. आज आधी मी.

आणि हुंगले.

काही आलं नाही. गुलाब काही नाही, चंदन काही नाही, लिंबू काही नाही. तरी हुंगत राहिले, नाकावर टिच्चून. मग लवंग आली, आणि नाकाच्या आत, वर कुठंतरी, काहीतरी झालं. त्याला वास म्हणायची माझी हिंमत नाही. लांबच्या शेतातून कोणी हाक मारावी आणि नाव कळू नये, पण हाक आपल्यालाच आहे हे कळावं, तसं. मी बटण दाबलं. पुढच्या लवंगेला नाही आलं. त्याच्या पुढच्या वेळी परत आलं, परत दाबलं.

शेवटी कानात मॅडमचा आवाज आला. आता काही वास सोडणार नाही, नुसतं चित्र बघून तो वास आठवायचा. समोर वाफाळत्या भाताचं भांडं आलं. मला आमची चूल दिसली, आईची चूल दिसली, नवा चिन्नोर रटरटताना दिसला. मी रडायला लागले. डोकं बांधलेलं, हात वर न्यायचा नाही. पाणी डोळ्यांच्या कोपऱ्यातून सरळ कानात गेलं. कान भरून आले माझे, पण मी हलले नाही. फोटो बिघडू दिला नाही.

नंतर मॅडमनी पडद्यावर माझा मेंदू दाखवला. राखाडी रंगाचा, अक्रोडासारखा. त्यात लवंग आणि लसणाच्या वेळचे बारीक नारिंगी ठिपके. आणि आठवायला सांगितलं तेव्हाचे त्याहून मोठे. "हे तुमचं आठवणं," त्या म्हणाल्या. "ते गेलेलं नाही."

नरेश पुढे सरकला. "म्हणजे आईचा वास परत येणार की नाही?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "हा खूप माणसांचा मिळून अभ्यास आहे. एकाच्या चित्रावरून त्याचं भविष्य सांगता येत नाही. मी सांगितलं तर ते खोटं होईल."

अट होती "येते" की "नाही" याची. "माहीत नाही" याचं काय करायचं ते ठरलंच नव्हतं. नरेश माझ्याकडे बघायला लागला. मी तिथंच, त्या मशीनच्या बाहेर, जोडवी हातात धरून उभी होते.

"मॅडम नाही म्हणाल्या का?" मी विचारलं.

"नाही… म्हणजे, नाही म्हणाल्या नाही."

"मंग लायटर दे."

"आई, असं कसं—"

"ऐक. मले तू नाही पाडलं. त्या गतिरोधकानं पाडलं. हे मी तुले शंभरदा सांगीन, कारण तू शंभरदा विसरशील. पण पडलेल्या माणसाले उचलून उभं करायचं असते बापू, फळीवर नाही ठेवायचं. वास येईल तवा येईल. नाही आला तर नाही आला. मी तवरी फळीवर बसू का?"

आमचे हे बाकड्यावरून उठले, खिशातून मंगळसूत्र काढलं, माझ्या हातात दिलं आणि मुलाला म्हणाले, "दे लायटर." त्या दिवसातलं त्यांचं ते एकच वाक्य.

लायटर घरी होता, पण नरेशनं खरंच खिशात हात घातला.

नवं

आता माझी चूल माझ्याकडे आहे. सिलेंडर नरेशनं बाहेर काढून नळी आत आणली आणि भिंतीवर गॅसचा भोंगा बसवला. गॅस सुटला की तो असा बोंबलतो की शेजारीसुद्धा पळत येतात. गॅस पेटला असेपर्यंत मी स्वयंपाकघर सोडत नाही. दूध नासलं की नाही ते प्रीतीला विचारते, लाज वाटत नाही. अंघोळ दिवसातून एकदाच करते. तुम्हीही तसंच करा. तुमच्या अंगाला वास येत नाहीये, मी सांगते.

सकाळ-संध्याकाळ मी हुंगते. मॅडमनीच सांगितलं, रोजचे ठरलेले वास मन लावून घेत राहायचे, काहींना त्यानं फायदा होतो. गुलाब, लवंग, लिंबू आणि लसूण. देवपूजेच्या आधी. गुलाब आधी माझ्या नाकाशी जातो, मग देवाच्या पायाशी. सासूबाई रोज तोंड फिरवायच्या. मी रोज हुंगायची. महिना-महिना काही यायचं नाही, मग एखाद्या सकाळी लवंगेची ती लांबची हाक यायची. जळक्या लाकडासारखी, वेडीवाकडी.

मग धान घरात आलं आणि नवं खायचा दिवस आला. नव्या तांदळाचा पहिला भात देवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना. वर्षातला सगळ्यात मोठा नैवेद्य. सासूबाई चुलीसमोर पाटावर बसल्या होत्या, नेहमीसारख्या, लक्ष ठेवायला. नरेश दारात, प्रीती पत्रावळ्या पुसत होती.

भात शिजला. मी झाकणाला हात घातला आणि छाती थांबली. जुनी सवय, जाते कुठं. सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना कळलं मी काय करणार आहे. मलाही कळलं की गुलाबाचं वेगळं आणि हे वेगळं. हे त्यांच्या सासूचं, त्यांच्या नवऱ्याचं, त्यांच्या गेलेल्या दोन लेकरांचं ताट होतं.

मी झाकण उचललं, भांड्यावर वाकले आणि सगळ्यांच्या देखत हुंगले.

वाफ आली. आणि वाफेच्या मागून काहीतरी आलं. चिन्नोर नव्हता तो, ओल्या पोत्यासारखं काहीतरी होतं. घाणच म्हणा ना. पण होतं! नाकात होतं, माझं होतं, तांदळातून आलं होतं. मी तशीच वाकून राहिले. वर बघायची हिंमत होईना.

भात खदखदत होता.

"आला का?" सासूबाईंनी विचारलं.

"आला," मी म्हटलं. "थोडासा. वाकडाच आला माय."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं झाकण ठेवायला सांगतील. पण त्यांनी माझ्या डोक्यावरचा पदर नाकावर येत होता तो बाजूला सारला.

"आनखी एक डाव घे," त्या म्हणाल्या. "देव थांबते."

मी घेतला.